गेट क्रमांक तीनचा दर्जा

माहिती खरी असणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण खरी माहिती काय, कोणीही देतो. पानवाला देतो, रिक्षावाला देतो. माहिती दर्जेदार व्हायची तर समिती लागते.

दिल्लीतल्या आणि तिच्या नव्या उपनगरांतल्या मराठी माणसांना हे जरा उशिराच उमगलं. नव्वदीनंतर नव्या कंपन्या आल्या, नव्या सोसायट्या उभ्या राहिल्या, घरोघरी कॉम्प्युटर आले आणि त्यावर नेमकं करायचं काय हा प्रश्न उरला. तेव्हा सगळ्यांनी मिळून 'दिल्लीवाट' नावाचं संकेतस्थळ काढलं. महाराष्ट्रातून येणाऱ्या माणसाचं राजधानीत अडू नये, म्हणून ज्याला जे ठाऊक असेल ते त्याने तिथे लिहायचं आणि चुकलेलं दुसऱ्याने दुरुस्त करायचं. पहिली दोन वर्षं हा प्रकार अत्यंत बेशिस्तपणे, म्हणजे सुरळीत, चालला.

या बेशिस्तीत दिल्लीच्या द्वारका भागातल्या लताबाईंचा वाटा मोठा होता. मोठ्या सरकारी इस्पितळात नव्या पेशंटने कुठून शिरायचं, टोकन कधी मिळतं, कशाच्या किती झेरॉक्स लागतात, हे सगळं पान त्यांनी लिहिलेलं. दर पंधरवड्याला गावाकडच्या कोणाला तरी घेऊन त्यांची तिथे फेरी असेच. काही बदललेलं दिसलं की घरी येऊन चहाच्या आधी त्या पान दुरुस्त करत. (चहाच्या आधी केलेल्या दुरुस्त्या घाईच्या समजाव्यात, असं पुढे ठरलं.)

मग विश्वनाथराव निवृत्त झाले. केंद्र सरकारच्या एका खात्यात त्यांनी चौतीस वर्षं काढली होती, आणि एवढ्या काळात एकाही फाईलवर घाईने सही केल्याचा ठपका त्यांच्यावर नव्हता. नोएडाच्या फ्लॅटमध्ये त्यांना करमेना. एका रविवारी त्यांनी 'दिल्लीवाट' उघडली, आणि तिथे लोक कोणालाही न विचारता लिहितायत हे पाहून त्यांना जेवण गेलं नाही. महिन्याभरात अकरा जणांची गुणवत्ता समन्वय समिती स्थापन झाली.

समितीचे नियम साधे होते. प्रत्येक ओळीला छापील आधार हवा. 'मी स्वतः पाहिलं' हा आधार नव्हे, कारण डोळे सगळ्यांनाच असतात. ज्याने गेल्या तीन महिन्यांत इस्पितळात पाऊल टाकलंय तो हितसंबंधी समजावा आणि त्याने त्या पानाला हात लावू नये. जो तिथे कधीच गेला नाही त्याचं मत निःपक्षपाती धरावं. दुरुस्ती एकवीस दिवस हरकतींसाठी ठेवावी; हरकत न आल्यास ती का आली नाही याची चौकशी व्हावी.

फळ लगेच दिसू लागलं. पहिल्याच वर्षात संकेतस्थळावर नवी माहिती नऊ ओळी, आणि त्या ओळींवरची चर्चा चार हजार सहाशे ओळी इतकी वाढ झाली. लताबाईंच्या इस्पितळाच्या पानाला तर हिरवा शिक्का मिळाला : 'गुणवत्ता-प्रमाणित'. आधार म्हणून सोलापूरकडच्या एका वर्तमानपत्रातली बातमी जोडण्यात आली. (ती बातमी याच पानावरून उचललेली होती, पण छापून आली होती, हे नाकारता येत नाही.)

फेब्रुवारीत इस्पितळाने बांधकामासाठी गेट क्रमांक तीन बंद केलं आणि नव्या पेशंटची टोकनं मागच्या बाजूला, गेट पाचवर, द्यायला सुरुवात केली. लताबाईंनी दुपारी पान बदललं. संध्याकाळपर्यंत ते पूर्ववत झालं होतं. पाठोपाठ समितीच्या अंशुमनचा फोन आला. मुलगा सज्जन, नोएडात सॉफ्टवेअरमध्ये.

"काकू, तुमचं बिल्कुल बरोबर असेल. पण सोर्स काय?"

"अरे, मी आज सकाळी तिथे उभी होते. गेटला कुलूप आहे."

"अच्छा. मग त्या कुलपाचं कुठे काही छापून आलंय का?"

लताबाईंनी कुलपाचा फोटो पाठवला. समितीने तो आठ दिवस अभ्यासला. फोटोत कुलूप दिसतं, त्यावरून गेट बंद असल्याचं सिद्ध होत नाही, असा अभिप्राय सात विरुद्ध चार मतांनी मंजूर झाला. विश्वनाथरावांनी स्वतःच्या हाताने खाली लिहिलं, 'सदस्येने भावनेच्या भरात लिहू नये.'

लताबाई भावनेच्या भरात होत्या हे खरंच होतं. मार्चच्या पहिल्या सोमवारी त्यांचे चुलतभाऊ संपतराव कराडहून यायचे होते. त्यांच्या पत्नीच्या, विजयमालाबाईंच्या, हृदयाची झडप निकामी होत चालली होती. इस्पितळाच्या हृदयविभागाची नवी टोकनं महिन्यातून एकदाच मिळत, आणि कराडच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की महिनाभरही थांबू नका.

"दादा, तीन नाही, पाच नंबरला या," लताबाईंनी फोनवर सांगितलं.

"लता, पुतण्याने 'दिल्लीवाट'चा कागद काढून दिलाय. त्यावर तीन लिहिलंय. खाली शिक्का पण आहे."

"तो कागद मीच लिहिलाय हो दादा."

"मग झालं तर," संपतराव म्हणाले आणि रेंज गेली.

संपतराव फौजेतले रिटायर्ड हवालदार. लेखी हुकूम आणि तोंडी निरोप यांत कोणता पाळायचा, हे त्यांना बावीस वर्षं शिकवलेलं होतं. ते कँटोन्मेंटमध्ये जुन्या मित्राकडे उतरले, रोमिंगच्या धास्तीने मोबाईल बंद ठेवला आणि सोमवारी पहाटे पाचला पत्नीला घेऊन गेट क्रमांक तीनसमोर उभे राहिले. लताबाई त्याच वेळी गेट पाचवर रांगेत उभ्या होत्या. मध्ये अर्धा मैल भिंत. खिडकीपाशी नंबर आला तेव्हा बाबूने पेशंटचे कागद मागितले, आणि ते भिंतीपलीकडे होते. लताबाई धावत तीन नंबरला पोचल्या. विजयमालाबाई बोचक्यावर बसून धापा टाकत होत्या. संपतराव ताठ उभे होते. "उघडेल आता," ते म्हणाले. दोघांना घेऊन त्या परत आल्या तेव्हा खिडकी बंद झाली होती. लताबाईंना रडू आलं, आणि रडण्याहून जास्त संताप.

संपतराव मात्र माणूस न्यायी. गावी परत गेल्यावर त्यांनी पुतण्याकडून संकेतस्थळावर अभिप्राय लिहवून घेतला : गेट अगदी वर्णनाप्रमाणे आढळलं, रंगसुद्धा बरोबर, पाच तास जवळून पाहिलं. पाच तारे.

समितीने त्याच आठवड्यात वाद मिटवला. गेट क्रमांक तीन अस्तित्वात असल्याला बाहेरच्या वाचकाने दुजोरा दिल्याने लताबाईंची दुरुस्ती निकालात निघाली, आणि वारंवार तीच हरकत घेतल्याबद्दल त्यांचं सदस्यत्व स्थगित झालं. पुढच्या टोकनापर्यंत विजयमालाबाई राहिल्या नाहीत. तेही पानावर नाही. त्याला छापील आधार मिळालेला नाही.

आता आपण विचाराल, या सगळ्याला पुरावा काय? प्रश्न रास्त आहे. सांगणाऱ्याने हे स्वतः पाहिलं, एवढंच, आणि ते नियमात बसत नाही. तेव्हा यातलं काही मनावर घेऊ नये. आपल्या घरात कोणाचं दुखलंखुपलं, तर निर्धास्तपणे 'दिल्लीवाट' उघडावी, हिरवा शिक्का पाहून घ्यावा आणि पहिल्या सोमवारी पहाटे गेट क्रमांक तीनवर हजर व्हावं. सावली चांगली आहे, आणि रांग अजिबात नसते.