उस्तादांची एक मिनिट शांतता

"थेट प्रक्षेपण ना? अहो, माझ्या डाव्या हाताचा मळ!"

हे वाक्य कात्रीमास्तरांनी केंद्रप्रमुख मॅडमच्या टेबलासमोर छाती फुगवून म्हटलं, तेव्हा त्यांच्या आवाजात जो आत्मविश्वास होता तो पाहून मॅडमनाच जरा काळजी वाटली.

कात्रीमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण रेडिओ केंद्रात त्यांना कुणी दुसऱ्या नावाने हाक मारली असती तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. काम एकच, काटछाट. लोक मायक्रोफोनसमोर खोकतात, अडखळतात, नाही नाही ते बोलतात. मास्तर ते कापून टाकतात आणि उरलेलं असं बेमालूम जोडतात, की बोलणाऱ्याला स्वतःचाच अभिमान वाटावा.

वर्षभर मास्तरांच्या कात्रीखाली होते ते उस्ताद. जगभर नाव असलेले व्हायोलिनवादक! त्यांचा 'एक शब्द, अनेक सूर' हा कार्यक्रम म्हणजे केंद्राचा जीव की प्राण. दर आठवड्याला एक विषय. कधी 'खिडकी', कधी 'वाट', एकदा तर 'जिना'. त्या विषयावरची गाणी उस्ताद निवडून ऐकवतात, आणि प्रत्येक गाण्यानंतर भारावून बोलतात, अशी श्रोत्यांची समजूत.

खरी गंमत अशी, की उस्तादांनी त्यातलं एकही गाणं कधी ऐकलेलं नव्हतं. विषय मास्तर काढायचे, गाणी मास्तर शोधायचे, आठवणीसुद्धा मास्तरच लिहायचे. उस्ताद महिन्यातून एकदा यायचे, सगळं एका बैठकीत वाचून टाकायचे आणि शेवटी 'अहाहा!' भरून द्यायचे. अहाहा तीन मापांत मिळायचा, लहान, मध्यम आणि डोळ्यांत पाणी. कोणत्या गाण्याला कुठला लावायचा ते मास्तर ठरवायचे.

मधल्या वेळात उस्ताद जे बोलायचे, ते मात्र प्रसारणाच्या लायकीचं नसायचं. इतर वादकांची निंदा, चहाची निंदा, श्रोत्यांची निंदा! मास्तर पलीकडच्या खोलीतून मायक्रोफोनवर "वा उस्ताद! अगदी खरं!" करत राहायचे. न करून सांगतात कुणाला? उस्ताद रुसले तर कार्यक्रम बंद.

हा सगळा गाळ मास्तर कापायचे, पण फेकायचे नाहीत. एवढा अस्सल माल फेकवेना! त्यांनी तो ओळीने जोडून ठेवला होता. उदास वाटलं की एकटेच ऐकायचे आणि पोट धरून हसायचे. दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून त्या फाईलला त्यांनी नाव दिलं होतं 'झऱ्याची झुळझुळ'. झऱ्याचा आवाज मुद्दाम उघडून ऐकेल असा माणूस आपल्या केंद्रात जन्माला यायचाय, अशी त्यांची खात्री होती.

तर आता वर्षपूर्ती होती, आणि उस्तादांच्या मनाने घेतलं की हा भाग थेट करायचा. विषयही त्यांनी स्वतःच काढला. शांतता!

"सगळ्यात थोर सूर कोणता, माहितेय?" उस्ताद म्हणाले. "न वाजवलेला! कार्यक्रमाच्या मध्यावर मी एक मिनिट शांत बसणार. संपूर्ण शांतता. आणि ती संपली की मी तुझं नाव घेणार. वर्षभर राबलास. तुझं नाव काय रे?"

मास्तरांनी नाव सांगितलं. एकदा, मग जरा मोठ्याने, मग एका कागदावर ठळक लिहून उस्तादांच्या समोर चिकटवलं.

आता या नावाची मास्तरांना एवढी असोशी का, तर सासरेबुवा. निवृत्त मुख्याध्यापक. मुलीकडेच राहायचे. उस्तादांचे निस्सीम भक्त! दर आठवड्याला न चुकता केंद्रावर फोन करून 'एक जुना रसिक' एवढंच सांगून फर्माईश करायचे. आणि जेवताना जावयाकडे पाहून म्हणायचे, "तुम्ही रेडिओवर असता म्हणे. ऐकलं मात्र कधी नाही हो!"

हे वाक्य मास्तर लग्नापासून ऐकत आले होते. आज मात्र खुद्द उस्ताद, खुद्द रेडिओवरून, खुद्द जावयाचं नाव घेणार होते! सासरेबुवांनी सकाळीच शेजाऱ्यांना बोलावणी धाडली आणि बैठकीच्या खोलीत खुर्च्या मांडल्या.

अडचण एकच होती. तिचं नाव चौकीदार.

चौकीदार म्हणजे इंजिनीअरच्या खोलीतलं एक यंत्र. रेडिओवर काही क्षण आवाज आला नाही, की या यंत्राला वाटतं केंद्र बंद पडलं. मग ते आपणहून एक राखीव ध्वनिमुद्रण लावतं, आणि स्टुडिओतून पुन्हा खणखणीत आवाज येईपर्यंत ते चालूच ठेवतं.

"ते बंद कर," मास्तरांनी इंजिनीअरला फर्मावलं.

"बंद करायची परवानगी नाही. पण राखीव ध्वनिमुद्रण बदलता येईल. काहीतरी अगदी हलकं द्या. लोकांना कळणारही नाही, आणि उस्ताद तर आत असणार. त्यांना बाहेर काय चाललंय ते ऐकूच येत नाही."

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. बायको होती. "अहो, बाबा विचारतायत, नाव नक्की किती वाजता घेणार? समोरच्या काकूंना तेवढ्यापुरतंच यायचंय."

"मध्यावर म्हणावं, मध्यावर!" मास्तर फोनमध्ये ओरडले आणि इंजिनीअरला खुणेने म्हणाले, "हलकं काहीतरी ना? अरे, माझ्या कॉम्प्युटरवर आहे की! 'झऱ्याची झुळझुळ'. टाक तेच!"

वाचकहो, तुमच्या लक्षात आलं. मास्तरांच्या नाही आलं.

कार्यक्रम सुरू झाला तो झकास. गाणी वेळेवर लागली, उस्तादांनी कागदावरचं न चुकता वाचलं, अहाहा तर ताजा ताजा निघाला. काचेच्या अलीकडे, नियंत्रण कक्षात मास्तर खुर्चीवर रेलले होते. मध्य आला. उस्तादांनी कानांवरचे हेडफोन काढले, डोळे मिटले आणि घनगंभीर आवाजात म्हणाले, "आता ऐका... शांतता."

शांतता पसरली. काय सुरेख पसरली म्हणता! मास्तरांनाच भरून आलं.

आणि नियंत्रण कक्षातल्या स्पीकरमधून, म्हणजेच घराघरांतल्या रेडिओमधून, उस्तादांचा आवाज घुमला. "हा बासरीवाला? अहो, याच्यापेक्षा आमच्या कुकरची शिट्टी सुरात असते!"

पाठोपाठ दुसरा आवाज. "वा उस्ताद! अगदी खरं!"

हा आवाज ओळखीचा आहे, असं मास्तरांना वाटलं. मग तो आपलाच आहे हे कळलं. काचेपलीकडे उस्ताद ओठ मिटून समाधी लावून बसले होते आणि इकडे तेच उस्ताद तावातावाने बोलत होते!

"ही तुमची मॅडम. गाणं संपलं हे तिला टाळ्या वाजल्यावर कळतं!"

"काय बोललात उस्ताद!" स्पीकरमधले मास्तर खिदळले.

मास्तरांनी चौकीदाराच्या खोलीत फोन लावला. इंजिनीअर चहाला गेला होता. त्यांनी काचेवर मुठी आपटल्या. काच कसली, भिंतच ती, पलीकडे आवाज जाईल तर शपथ! उस्तादांनी एक डोळा किलकिला करून पाहिलं. मास्तर काचेला चिकटून दोन्ही हात आपटतोय. त्यांना वाटलं, हा गहिवरून टाळ्या वाजवतोय. त्यांनी नम्रपणे मान लववली, डोळा मिटला, आणि एवढी दाद मिळतेय म्हटल्यावर शांतता आणखी लांबवली.

"असली गाणी ऐकतं कोण? मी तर माझा कार्यक्रमही कधी ऐकत नाही!" स्पीकर म्हणाला.

मास्तरांच्या अंगाला दरदरून घाम फुटला. कारण हा गाळ त्यांनी स्वतः जोडला होता आणि त्यांना तो तोंडपाठ होता. यापुढे चहाची निंदा होती, आणि चहानंतर... चहानंतर ते होतं! उस्ताद विचारतात, "हा दर आठवड्याला फोन करणारा जुना रसिक कोण आहे हो?" आणि मास्तर उत्तर देतात. काय उत्तर देतात तेही त्यांना आठवलं. घरी खुर्च्या मांडलेल्या. समोरच्या काकू आलेल्या!

मास्तर धावले. स्टुडिओच्या दारावर लाल दिवा होता. आजवर लाल दिवा असताना त्यांनी त्या दाराला हात लावला नव्हता. आज दार ढकलून ते आत घुसले. आता फक्त ओरडायचं होतं! काहीही चाललं असतं. नुसतं 'ओ' म्हटलं असतं तरी चौकीदार गप्प बसला असता.

मास्तरांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना!

अहो, फुटणार कसा? सगळी नोकरी गेली होती लाल दिव्याखाली चवड्यांवर चालण्यात, शिंक गिळण्यात, खोकला पोटात जिरवण्यात. लाल दिवा दिसला की घशाला आपोआप कुलूप लागायचं. मास्तर आ वासून, हातवारे करत, पण चवड्यांवर उभे! उस्तादांनी डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं. सवयीने मास्तरांनी मान डोलावली आणि दोन पावलं मागेसुद्धा सरकले.

तिथे जमिनीवर मायक्रोफोनची वायर होती. तिच्यात पाय अडकला, मास्तर व्हायोलिनच्या स्टँडवर गेले, स्टँड टेबलावर गेला, आणि धडाम!

"आई गंऽऽ!"

हा कात्रीमास्तरांचा रेडिओवरचा पहिला थेट शब्द. चौकीदाराने तो ऐकला आणि आज्ञाधारकपणे राखीव ध्वनिमुद्रण बंद केलं.

"गाढवा!" उस्ताद गरजले. "माझ्या शांततेचा सत्यानाश केलास!"

हेही थेट गेलं. नाव काही घेतलं गेलं नाही. ते लिहिलेला कागद उस्तादांनी मघाशीच चष्मा पुसायला वापरला होता.

पुढचं गाणं लागलं तेव्हा मॅडम दारात उभ्या होत्या. चेहरा असा, की मास्तरांनी पडल्या जागीच राहणं पसंत केलं. उस्तादांना घडला प्रकार कळला, तसे ते पांढरेफटक पडले. मॅडमनी तोंड उघडलं, आणि बाहेर सगळे फोन एकदम खणखणू लागले.

"वर्षभरात पहिल्यांदा उस्ताद मनापासून बोलले!" एक श्रोता म्हणाला.

"कुकरची शिट्टी पुन्हा ऐकवा!" दुसऱ्याची फर्माईश.

मग वर्तमानपत्रातल्या संगीत समीक्षकाचा फोन आला. तो तर हुंदके द्यायचाच काय तो बाकी होता. "शांत बसलेल्या कलावंताच्या आत चाललेला कोलाहल! काय धाडस! आणि अधूनमधून तो लाळघोट्या 'वा वा' करतो, तो म्हणजे आपला समाजच! कुणी केलंय हो ते काम?"

मॅडमनी उघडलेलं तोंड मिटलं. उस्तादांच्या गालांवर हळूहळू रंग आला.

"हं," ते टाय नीट करत म्हणाले, "कल्पना माझीच. बरेच दिवस डोक्यात घोळत होती."

"दर आठवड्याला असंच करू या उस्ताद!" मॅडम म्हणाल्या. मग मास्तरांकडे वळल्या. "ते 'काय बोललात उस्ताद' तुम्हीच ना? उद्या भेटा मला."

पण मास्तरांना उद्याची पर्वा नव्हती. घरी जाताना रस्ताभर एकच हिशोब चालला होता. मी खोलीतून निघालो तेव्हा चहा सुरू व्हायचा होता. चहाची निंदा चांगली लांबलचक आहे. दार, लाल दिवा, तोंड उघडणं, वायर... नाही, नाही. पोचलो असणार मी वेळेवर. नक्की पोचलो. देवा, चहावर उस्ताद आणखी दोन वाक्यं बोललेले असू देत!

घरी बैठकीत रिकाम्या खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. सासरेबुवा वर्तमानपत्रामागे होते. मास्तर पाय न वाजवता स्वयंपाकघरात गेले.

"ऐकलंत का?" त्यांनी बायकोला विचारलं.

"सगळ्यांनी ऐकलं."

"कुठवर?"

"धडाम होईपर्यंत."

"आणि धडामच्या..." मास्तरांनी बैठकीकडे एक नजर टाकली. "धडामच्या जरा आधी काय होतं?"

बायकोने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि हुबेहूब नवऱ्याच्या आवाजात म्हणाली, "'असतात उस्ताद एकेक रिकामटेकडे! यांना घरात कुणी विचारत नाही, म्हणून इकडे फोन करतात!'"

मास्तर मटकन स्टुलावर बसले.

"समोरच्या काकूंनी विचारलं, हे जावईच का? बाबा म्हणाले, हो. आज पहिल्यांदाच ऐकला. आवाज फार स्पष्ट येतो हो त्यांचा."

आता लपून काय उपयोग! मास्तर हात चोळत बैठकीत गेले. "बाबा, ते तसं नव्हतं... म्हणजे उस्तादांना बरं वाटावं म्हणून... तुम्ही म्हणजे..."

वर्तमानपत्र थोडं खाली आलं. वर सासरेबुवांचा चष्मा दिसला.

"जावईबुवा, एक फर्माईश होती."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "बोला ना बाबा! कुठलं गाणं? उद्याच लावतो! तुमचं नाव घेऊन लावतो!"

"गाणं नको," सासरेबुवा म्हणाले. "शांतता."

आणि वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

मास्तरांच्या घरी तो कार्यक्रम अजून चालू आहे. मध्ये एक जाहिरातसुद्धा नाही!