दहा पूर्णांक दोन

सरांनी आयुष्यात कधी कॉपी केली नव्हती आणि दुसऱ्या कुणाला करूही दिली नव्हती. चौतीस वर्षं त्यांनी गणित शिकवलं. परीक्षेच्या हॉलमध्ये ते शिरले की मुलं न सांगता बाह्या वर करून दाखवायची. अशा माणसाने अडुसष्टाव्या वर्षी स्वतःच्या घरात, जेवणाच्या टेबलावर कॉपी केली, आणि तीसुद्धा सख्ख्या बायकोची.

याला कारण डॉक्टर. ती सरांचीच विद्यार्थिनी. आठवीत असताना "तुझ्याच्याने काही होणार नाही" असं सर तिला भर वर्गात म्हणाले होते. ती ते विसरली असेल अशी आशा ते प्रत्येक भेटीत नव्याने करत.

"सर, साडेआठ आलीय," रिपोर्ट बघून ती म्हणाली होती. "ही एका दिवसाची साखर नव्हे, तीन महिन्यांची सरासरी आहे. आपण सातच्या आसपास यायचं बघू."

"सातच का? सहा करून दाखवतो."

"सहा नको. गोळ्यांच्या जोरावर साखर फार खाली ओढली की घाम फुटतो, चक्कर येते, माणूस पडतो. तुमच्या वयाला सात पुष्कळ झालं. आणि घाई करू नका. जे कराल ते वर्षानुवर्षं टिकलं पाहिजे."

सरांनी यातलं फक्त 'सात' ऐकलं. सातला पास, आणि पेपर तीन महिन्यांनी. मग त्यांनी तेच केलं जे त्यांचे सगळे नापास विद्यार्थी करत आले होते. पहिले अडीच महिने अभ्यासाला हात लावला नाही.

घरात बायकोने कडक शिस्त लावली होती. चहातली साखर गेली, ताटं लहान झाली, भाज्या वाढल्या. सर गोळ्या वेळेवर घेत, ताटातलं मुकाट्याने खात आणि रोज संध्याकाळी "वाचनालयात जाऊन येतो" म्हणून बाहेर पडत. जवळच्या सगळ्या दुकानदारांशी बायकोची ओळख होती, त्यामुळे बिस्किटं खायला त्यांना पार पुलापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत चालत जावं लागे. जाऊन-येऊन चार किलोमीटर. तिथे उभ्याउभ्या दोन बिस्किटं खायची, मिशा पुसायच्या आणि घरी यायचं.

पेपरला पंधरा दिवस उरले तेव्हा त्यांनी बिस्किटं बंद केली. पण सरासरी म्हणजे काय, हे त्यांनी हजारो मुलांच्या डोक्यात कोंबलं होतं. शेवटच्या पंधरा दिवसांत ती कितीशी हलणार? आता त्या मुलीसमोर मान खाली घालून बसावं लागणार, या विचाराने त्यांचं जेवणावरचं मनच उडालं.

तशात बायको म्हणाली, "अहो, लॅबवाल्या बाई घरी येणारच आहेत, तर माझंही हिमोग्लोबिन बघायला सांगा ना. दोन महिने झाले, नुसती गळून जातेय. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं."

"तुला काय धाड भरलीय?" सर म्हणाले. "सगळं खातेस, पितेस. ठणठणीत आहेस."

हे बोलता बोलताच त्यांच्या डोक्यात ती कल्पना आली.

लॅबवाल्या बाई सकाळी सातला आल्या. दोघांचं रक्त घेतलं. दोन नळ्या, दोन्हींची टोपणं जांभळी. त्यांवर नाव, वय आणि चाचणी छापलेली स्टिकरं चिकटवली, तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. पुढच्या घरचे लोक उपाशीपोटी ताटकळत बसले होते आणि चिडले होते. "आले हो, जिन्यातच आहे!" असं धडधडीत खोटं बोलत बाई बाल्कनीत गेल्या. बायको चहा टाकायला उठली.

सरांनी इकडेतिकडे पाहिलं. मग नखाने एक स्टिकर सोडवलं, दुसरं सोडवलं आणि त्यांची अदलाबदल केली. इतक्या पोरांना पकडलं, पण कॉपी करायला एवढी छाती लागते हे त्यांना त्या दिवशी कळलं.

दोन दिवसांनी ते इस्त्रीचा शर्ट घालून एकटेच डॉक्टरकडे गेले. डॉक्टर बराच वेळ कागदाकडे बघत राहिली.

"सर, काय खाल्लंत तुम्ही?"

"का? किती आली?"

"दहा पूर्णांक दोन."

"शक्यच नाही! लॅबवाल्यांनी घोळ घातलाय. हे लोक कुणाचं रक्त कुणाच्या नावावर..." आणि सर मध्येच थांबले. घोळ कुणी घातला होता हे त्यांना आठवलं. मग, हे रक्त कुणाचं होतं तेही आठवलं.

"काकूंचं हिमोग्लोबिन मात्र झकास आहे हं," डॉक्टर म्हणाली. "त्यांना सांगा, काळजीचं काही कारण नाही. तुम्हाला मी आणखी एक गोळी देते. आठवडाभराने या."

सरांनी चिठ्ठी घेतली. खरं काय ते सांगायला त्यांनी दोनदा तोंड उघडलं, पण समोर आठवी 'ब' मधली दोन वेण्यांची मुलगी बसलेली दिसायला लागली. ते तसेच बाहेर पडले.

"काय म्हणाली?" बायकोने दारातच विचारलं.

"तुझं रक्त उत्तम आहे म्हणाली."

"मग मला होतंय काय?" बायकोचा चेहरा पडला. "मनाचे खेळ म्हणायचे का सगळे?"

आपल्या पापाचं प्रायश्चित्त म्हणून ती नवी गोळी सरांनी निमूटपणे घेतली. तिसऱ्या दिवशी जेवायच्या आधी त्यांना दरदरून घाम फुटला, हातपाय लटपटायला लागले, डोळ्यांपुढे काजवे चमकले. बायको खालच्या मजल्यावर गेली होती. त्यांची हाक ऐकून ती धावत जिना चढून आली, साखरेचं पाणी केलं आणि त्यांना पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी सरांना हुशारी आली. पाहतात तो बायको शेजारच्या खुर्चीत धापा टाकत बसलेली, आणि ओळीने तिसरा ग्लास पाणी पिते आहे.

"अगं," सर म्हणाले. त्यांना रडूच आलं. "ती साखर माझी नाही. तुझी आहे. मी स्टिकरं बदलली."

बायकोने ग्लास खाली ठेवला. ती उठली आणि चपला घालायला लागली.

"कुठे निघालीस?"

"डॉक्टरकडे. चला."

डॉक्टरने सगळं ऐकलं आणि ती सरांवर भडकली. "माझ्या गोळीने तुम्ही कुठे पडला असतात तर? आणि काकूंना मी ठणठणीत म्हणून मोकळी झाले!" तिने नवी गोळी बंद केली आणि दोघांचं रक्त स्वतःसमोर घ्यायला लावलं.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आले. सरांचे सहा पूर्णांक नऊ.

"पण मी बिस्किटं खाल्ली होती," सर पुटपुटले.

"काकूंनी घरात सांभाळलं आणि बिस्किटांसाठी तुम्ही रोज चार किलोमीटर चाललात. उतरली साखर," डॉक्टर म्हणाली. "काकू, तुमची दहा पूर्णांक दोन. ही कधीपासून वाढलीय कोण जाणे. आधी डोळे तपासून घेऊ. मग हळूहळू नऊच्या खाली, मग आठ, मग सात. घाईघाईने नाही."

"हिला नऊ आणि मला सात?" सर न राहवून म्हणाले. "एकाच घरात दोन पासिंग?"

"माणसं दोन आहेत सर," डॉक्टर म्हणाली.

बायको रिपोर्ट दोन्ही हातांत धरून बसली होती. आता ही आपल्याला फाडून खाणार किंवा रडणार, म्हणून सर अंग चोरून बसले. पण तिचा चेहरा गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच खुलला होता.

"म्हणजे माझे मनाचे खेळ नव्हते," ती म्हणाली.

"अजिबात नव्हते काकू."

बाहेर पडल्यावर तिने दवाखान्याच्या पायरीवरूनच बहिणीला फोन लावला. ही बहीण रोज तिला सांगायची, कामात मन गुंतव म्हणजे थकवा पळेल.

"अगं, निघालं!" बायको रस्त्यातली माणसं वळून बघतील एवढ्या मोठ्याने म्हणाली. "दहा पूर्णांक दोन! हो, माझंच! यांच्यापेक्षा तीनने जास्त!"

सर छत्री आणि औषधांची पिशवी घेऊन मागे उभे होते. आपल्या सहा पूर्णांक नऊचा विषय पलीकडून कधी निघतो याची त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. तो निघाला नाही. मग पायऱ्या उतरताना त्यांनी गुपचूप बायकोचा हात धरला, आणि ती मध्ये थांबली तेव्हा तेही थांबले.