एक्केचाळीस फरक

दोष तुमचाच आहे, सहाव्या मजल्यावरचे साहेब. मशीनचा नाही, मॅन्युअलचा नाही, आणि तिसऱ्या मजल्यावर फोटोकॉपी मशीनला खेटून बसणाऱ्या मास्तरांचा तर मुळीच नाही. मॅन्युअल आणि प्रोग्रॅम यांच्यात फरक सापडला की त्याचं तिकीट, म्हणजे दुरुस्तीची चिठ्ठी, काढायचं, आणि ते तिकीट एकाच वेळी मॅन्युअल लिहिणाऱ्याकडे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे धाडायचं, हा नियम तुमचा. तुम्ही खाली सही ठोकलीत आणि जेवायला गेलात. पुढचं खालच्यांनी निस्तरलं.

मास्तर हे ऑफिसातलं टोपणनाव. पूर्वी ते शिकवणीत गणित घ्यायचे. आता त्यांच्याकडे व्हर्च्युअल मशीनच्या प्रोटोकॉलचं मॅन्युअल होतं. व्हर्च्युअल मशीन म्हणजे नसलेला कॉम्प्युटर. एका खऱ्या, धडधाकट कॉम्प्युटरच्या पोटात असे पन्नास नसलेले कॉम्प्युटर भाडेकरूंसारखे राहतात, आणि प्रत्येकाला वाटतं, सगळं घर आपलंच. त्यांना चालू हो, थांब, झोप, ऊठ असं सांगायची एक ठरलेली बोली असते, ती म्हणजे प्रोटोकॉल. कोणत्या हुकमाला मशीन काय उत्तर देतं, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. म्हणजे असायला हवं.

“म्हणजे जे नाहीच, त्याला हुकूम कसे सोडायचे, हे तू लिहितोस?” बायकोने एकदा विचारलं होतं.

“हो.”

“आणि ते ऐकतं?”

“तेच तपासायचंय.”

“आमचा दादा तर चांगला आहे हाडामासाचा, तोही ऐकत नाही,” बायको म्हणाली आणि तिने बाथरूमच्या बंद दाराकडे पाहिलं. दादा पाऊण तास आत होता.

दोन वर्षं नवराबायको या दादाच्या मागच्या खोलीत राहत होते. मेव्हण्याच्या घरात जावयाने खोकायचं तरी वेळ बघून. आता एक दोन खोल्यांची जागा सापडली होती. घरमालकाची अट एकच: कायम नोकरीचं पत्र. मास्तर कंत्राटी होते.

म्हणून सोमवारी विभागप्रमुख मॅडमनी बोलावलं तेव्हा मास्तर हातातलं पान अर्धवट टाकून गेले.

“मॅन्युअल तीन वर्षांचं जुनं आहे,” मॅडम म्हणाल्या. “शुक्रवारी ग्राहकाचा तपासनीस येतोय. तो एकेक ओळ वाचणार आणि मशीनवर चालवून बघणार. एकही फरक निघाला नाही, तर तुमचं नाव कायम करण्यासाठी वर पाठवते.”

“नक्की?”

“मी पाठवते हे नक्की. वरचं वरच्यांना ठाऊक.”

मास्तरांनी दोन दिवस मान वर केली नाही. झोपेतून उठवलं तर मशीनने ‘उठलो’ म्हणायला हवं, ते ‘कोण?’ म्हणत होतं. मेमरी वाढवून मागितली तर कमी करत होतं. एकूण एक्केचाळीस फरक निघाले. मास्तरांनी नियमाप्रमाणे एक्केचाळीस तिकिटं काढली आणि लागलीच मॅन्युअल प्रोग्रॅमप्रमाणे सुधारून टाकलं. मंगळवारी संध्याकाळी ते मेव्हण्याच्या घरी शीळ घालत गेले.

बुधवारी सकाळी सहज पुन्हा तपासलं, तर एक्केचाळीस फरक. तेच. फक्त उलटे.

ते तडक प्रोग्रॅम लिहिणाऱ्याकडे गेले. त्याला सगळे थंड्या म्हणत. ऑफिसला आग लागली असती तरी तो आधी चहा संपवून उठला असता.

“मशीन आता ‘उठलो’ म्हणतंय,” मास्तर म्हणाले.

“मग? मॅन्युअलमध्ये तसंच आहे ना? तुमची एक्केचाळीस तिकिटं आली. अख्खी दुपार घातली मी. मॅन्युअलप्रमाणे सगळं सरळ केलं.”

“अरे, पण मी मॅन्युअल तुझ्याप्रमाणे सरळ केलं.”

थंड्याने चहाचा घोट घेतला. “म्हणजे आपण दोघंही सरळ झालो.”

“आता हात लावू नकोस. मी मॅन्युअल परत पहिल्यासारखं करतो.”

“करा.”

मास्तरांनी चार तास बसून जुनं मॅन्युअल जसंच्या तसं परत आणलं. इकडे थंड्याच्या मनात आलं, मास्तर वयाने मोठे, घरी मेव्हणा, त्यांना कशाला परत खर्डेघाशी करायला लावायची? आयुष्यात पहिल्यांदा तो चहा अर्धा टाकून उठला आणि त्याने प्रोग्रॅम परत पहिल्यासारखा करून ठेवला. पाच वाजता मास्तरांनी तपासणी लावली. एक्केचाळीस.

“मी तुमच्यासाठी केलं,” थंड्या म्हणाला.

“कळलं,” मास्तर म्हणाले, आणि खुर्चीत बसले ते बराच वेळ उठले नाहीत. कामचुकार माणसाशी भांडता येतं. चांगुलपणाशी कसं भांडायचं?

गुरुवारी मॅडमनी दोघांना समोर उभं केलं. “एकाने करायचं, दुसऱ्याने हाताची घडी घालून बसायचं. कोण बसतंय?”

“मी,” थंड्या म्हणाला. त्याला त्याचा सराव होता.

दुपारपर्यंत चाळीस ओळी मार्गी लागल्या. उरला एक हुकूम, ‘थांब’. तो सोडला की मशीन तत्काळ ‘थांबलो’ म्हणायचं आणि पुढची दोन मिनिटं खुशाल चालत राहायचं.

“असं का?” मास्तरांनी विचारलं.

थंड्याने घडी न सोडता हनुवटीने पडदा दाखवला. प्रोग्रॅममध्ये त्या जागी कुणीतरी शेरा मारला होता: ‘मॅन्युअलमध्ये असं आहे म्हणून.’ मास्तरांनी मॅन्युअलचं पान दोनशे बारा काढलं. तिथे तळटीप होती: ‘प्रोग्रॅम असं करतो म्हणून.’

“कुणी लिहिलंय हे?”

“दोन्ही एकाच माणसाने. बढती मिळून वर गेला तो. सहाव्या मजल्यावर.”

मास्तरांचं डोकं फिरलं. त्यांनी तळटीप पुसली आणि लिहिलं: ‘मशीन थांबलो म्हणतं, पण दोन मिनिटं थांबत नाही. त्या वेळात कुणी विश्वासाने पुढचं काम सुरू केलं तर त्याची माहिती जाते. असं का, हे इथे कुणालाच माहीत नाही.’

मॅडमनी ते वाचलं. “मास्तर, हे असं लिहून चालत नाही.”

“खोटं आहे का?”

“खोटं असतं तर फारसं बिघडलं नसतं.”

“मग काय लिहू?”

मॅडमनी मॅन्युअल मिटलं. “राहू दे,” त्या म्हणाल्या. “दोनशे बारापर्यंत कोण वाचतंय.”

तपासनिसाने वाचलं. शुक्रवारी दुपारी तीन वाजता त्याने दोनशे बारावं पान दोनदा वाचलं, हुकूम सोडला, मनगटावरच्या घड्याळात दोन मिनिटं मोजली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. मास्तरांनी मनातल्या मनात दोन खोल्यांची जागा सोडून दिली.

“तीन वर्षं,” तपासनीस म्हणाला. “तीन वर्षं आमची माहिती उडतेय आणि आम्ही आमच्याच माणसांना झापतोय. हे कुणी लिहिलं?”

मास्तरांनी हात वर केला. शिकवणीत पोरं करायची तसा.

तपासनीस उठला, त्याने मास्तरांचा हात दोन्ही हातांत धरला आणि अहवालावर लिहिलं: फरक शून्य. मॅडमनी शब्द पाळला. संध्याकाळच्या आत मास्तरांचं नाव वर गेलं. सोमवारी पत्र खाली आलं. मास्तरांनी ते जिन्यात उभं राहून वाचलं आणि बायकोला फोन लावला.

“आलं का पत्र?”

“आलं. लिहिलंय, मॅन्युअल आणि प्रोग्रॅम यांत आता काहीही फरक उरलेला नाही, सबब फरक दुरुस्त करणाऱ्या पदाची गरज उरलेली नाही.”

“म्हणजे काम चांगलं झालं?”

“हो.”

“म्हणून काढलं?”

“हो.”

“थोडं वाईट करता आलं नसतं का तुला?”

जिन्यात थंड्या उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. “मास्तर, एक बोलू? मी आत्ता जाऊन चार-पाच ओळी वाकड्या करतो. ‘कोण?’चं परत ‘उठलो’ करतो. दुपारपर्यंत तुमचं पद परत येईल.”

मास्तरांनी कठड्याला टेकून विचार केला. घरमालक आठवला, मागची खोली आठवली, मेव्हणा तर आठवावाच लागत नव्हता.

“नको रे,” ते म्हणाले. “त्या तपासनिसाची माणसं आता ते वाचून काम करणार.”

मग ते जागेवर आले आणि नोकरी संपल्याचा फॉर्म भरायला बसले. नाव झालं, पद झालं, तारीख झाली. शेवटच्या चौकटीत ‘पद रद्द होण्याचे कारण’ असं छापलं होतं. मास्तरांनी पेन उचललं, ठेवलं, परत उचललं. आजवर ज्या माणसाला कुणी सहाव्या मजल्यावर पाहिलं नव्हतं, तो जिना चढून वर गेला आणि फॉर्म तुमच्या टेबलावर ठेवून समोरच्या खुर्चीत बसला. न विचारता. तो अजून तिथेच बसलाय, साहेब. मॅन्युअल चुकीचं होतं तोवर याची नोकरी होती, बरोबर झालं तशी गेली. ती चौकट त्याने तुमच्यासाठी कोरी ठेवली आहे. तीत काय लिहायचं? त्याच्याकडे बघून सांगा.