अप्पांचं अडकलेलं कंट्रोल

औंधातले आमचे शेजारी अप्पा दर रविवारी कॉम्प्युटरला चहा द्यायचे. पडद्यावरचा बाण आपोआप हलला, की टोपी सारखी करून म्हणायचे, "आली बग सुमन. घे बाळ, च्या घे."

सुमन ही त्यांची लेक. ती बेंगळुरूत बसून अप्पांचा औंधातला कॉम्प्युटर चालवायची आणि त्यांच्या धनगरी गजीनृत्याच्या मंडळाची पत्रं टाइप करून द्यायची. फोन शेजारी सुरूच असायचा.

एकदा खरंच घोटाळा झाला. लांबून कॉम्प्युटर चालवताना होतं असं. सुमननं तिकडे कंट्रोलचं बटण सोडलं, पण इकडे ते दाबलेलंच राहिलं. ती 'प' लिहायला जाई, तर छपाईची खिडकी उघडे. बंद कर, पुन्हा जोड, यात तासभर गेला. तेवढ्यात शेळीपासून सोयरिकीपर्यंत सगळ्या गप्पा झाल्या. शेवटी दोन्ही बाजूंची कंट्रोल बटणं दाबून सोडली, तेव्हा कुठे गाडं रुळावर आलं.

त्यानंतर दर रविवारी कंट्रोल अडकायला लागलं. "लय खट्याळ बटण हाय," अप्पा कौतुकानं सांगायचे.

लांबचे कॉम्प्युटर ताळ्यावर आणणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. सुमननं वैतागून मलाच त्यांच्या घरी पाठवलं. बघतो तर कीबोर्डवर टाकलेल्या टॉवेलखाली अप्पांची करंगळी कंट्रोलवर ठाण मांडून बसलेली!

"दादा, काय कळलं का?" फोनवरून सुमन विचारत होती.

अप्पा माझ्या कानाशी कुजबुजले, "काम झालं की ती जाती रं."

"बघतोय," मी सुमनला म्हणालो.

पण तीही अप्पांचीच लेक. तिनं मंडळाची सगळी पत्रं स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेतली. आता तिकडेच टाइप करते आणि पाठवून देते. "अप्पा, तुमचा तरास वाचला," म्हणाली. बाण यायचा बंद झाला. मला फार वाईट वाटलं.

"लय ताणलं गड्या म्या," अप्पा म्हणाले. "धा मिंटं यायची, तीच बरी हुती."

गेल्या रविवारी गेलो, तर पडद्यापुढे कप होताच. माझ्यादेखत त्यांनी सुमनला फोन लावला.

"बटण बरं झालं बग. आता अजाबात अडकत न्हाई."

"बरं झालं अप्पा. दुसरं काय काम अडलंय का?"

अप्पांनी पडद्याकडे बघितलं. "न्हाई गं. कायबी न्हाई अडलं."

तिनं फोन ठेवला. तरी ते थोडा वेळ कानाला लावून बसले. मग पडद्यापुढचा कप उचलून त्यांनी माझ्या हातात दिला.

"घे. जरा निवलाय."