गोलरक्षक या पदाची चौकशी

जिंकायला कोणाला नेमावे लागत नाही. जिंकणे आपले आपण होते आणि त्याचे श्रेय घ्यायला माणसे आपणहून पुढे येतात. हरण्याचे तसे नाही. हरल्यावर कोणीतरी रीतसर नेमावा लागतो.

द्वारकेच्या राजधानी मराठी स्नेहवर्धिनी मंडळाला हे कळले ते मंडळाचा फुटबॉल संघ हंगामातले पहिले तीन सामने ओळीने हरल्यावर. संघाचे नाव मावळे इलेव्हन. स्पर्धा दिल्लीतल्या भाषिक मंडळांची, दर रविवारी सकाळी. मयूर विहारच्या मल्याळी मंडळाने आपल्याला पाच-शून्य हरवले, चित्तरंजन पार्कच्या बंगाली मंडळाने सहा-एक आणि पटपडगंजच्या गढवाली मंडळाने चार-शून्य. (बंगाल्यांविरुद्धचा तो एक गोल मंडळाच्या वार्तापत्रात चौकटीत छापला गेला. तो त्यांच्याच बचावपटूने चुकून स्वतःवर मारला होता, पण चौकटीत तेवढी जागा नव्हती.)

तिसऱ्या पराभवाच्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, जिथे दोनशे चौदा सभासद आहेत, दिवेलागणीपर्यंत सहाशे अकरा संदेश आले. त्यांचे वर्गीकरण पुढे उपलब्ध झाले. गोलरक्षकाला दोष देणारे दोनशे अठ्ठ्याण्णव. प्रशिक्षकाला दोष देणारे एकशे चार (संघाला प्रशिक्षक नाही, हे मागाहून लक्षात आले). जर्सीच्या रंगाला एकसष्ट. मराठी माणूस मासे कमी खातो याला बावन्न. दिल्लीच्या हवेला चाळीस. समोरचा संघही तीच हवा घेत होता, हा मुद्दा गौण मानण्यात आला. उरलेले छप्पन्न संदेश शुभ सकाळचे होते आणि त्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही.

तिन्ही सामन्यांना मैदानावर हजर असलेले प्रेक्षक, सरासरी तीन. एक संपदा. एक समोरच्या संघाच्या टेम्पोचा ड्रायव्हर, जो नेहमी चुकून आपल्या बाजूला बसे. आणि एक गृहस्थ, ज्यांच्या कुत्र्याला घरी जायचे नसे.

संपदा ही जयदीपची बायको, आणि जयदीप हा आपला गोलरक्षक.

जयदीपचे वय अडतीस. एका मंत्रालयात तो सहायक कक्ष अधिकारी आहे. संघात तो मुळात राखीव लेफ्ट बॅक होता. खऱ्या गोलरक्षकाची सप्टेंबरात नागपूरला बदली झाली, पद रिक्त झाले आणि जयदीपकडे त्याचा अतिरिक्त कार्यभार आला. अतिरिक्त कार्यभारासोबत हातमोजे येत नाहीत, म्हणून त्याने ते सरोजिनी नगरमधून आणले. ते बर्फावर घसरायला जाणाऱ्या परदेशी लोकांसाठी शिवलेले आणि निर्यातीतून नाकारलेले होते. उबदार मात्र होते. जयदीपने पंधरा वर्षांच्या नोकरीत फक्त मसुदे केले होते, सह्या दुसऱ्यांच्या. गोलमध्ये जे काही व्हायचे ते त्याच्या स्वतःच्या हातून व्हायचे, बरे किंवा वाईट. त्याला ते मनापासून आवडले होते. पुढच्या रविवारची तो सोमवारपासूनच वाट पाही, आणि हे त्याने बायकोखेरीज कोणाला सांगितले नव्हते.

मंडळाच्या कार्यकारिणीने 'पराभव-कारणमीमांसा व जबाबदारी-निश्चिती समिती' नेमली. अध्यक्ष भाऊसाहेब. ते सहसचिव म्हणून निवृत्त झाले. सेवाकाळात त्यांनी अकरा चौकशा केल्या आणि त्यांपैकी एकीतही चौकशीच्या खोलीत बसलेला माणूस दोषी आढळला नाही, असा त्यांचा लौकिक होता. सदस्य दोन. विजयालक्ष्मीताई सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेल्या, आणि खंडेराव यांचे कुटुंब तीन पिढ्या दिल्लीत, म्हणून ते स्थानिक तज्ज्ञ. तिघांनीही एकही सामना पाहिलेला नव्हता, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल शंकेला जागा राहिली नाही.

राहिला सदस्य-सचिव. कार्यकारिणीची बैठक संपल्यावर खुर्च्या उचलायला जयदीप थांबला होता, आणि त्याच्या पाठीवरच्या पिशवीत लॅपटॉप होता.

"मराठी टायपिंग येतं का?" भाऊसाहेबांनी विचारले.

"येतं, सर. पण एक सांगायचं होतं. तो गोलकीपर म्हणजे..."

"थांबा." भाऊसाहेबांनी हात वर केला. "नाव नको. चौकशी पदाची असते, व्यक्तीची नसते. नाव कळलं की लिहाज येतो."

ग्रुपवर गोलरक्षकाला सगळे जर्सीवरच्या आकड्यावरून 'एक नंबर' म्हणत, आणि कर्णधार सॅम्युएल साळवे दर रविवारी फक्त स्कोअर टाकत असे, तोही माफीसकट. त्यामुळे नाव बाहेर फुटण्याची भीती नव्हती. सचिवपदी जयदीपची निवड एकमताने झाली.

पहिली बैठक भाऊसाहेबांच्या घरी, चहा आणि पातळ पोह्यांच्या चिवड्यावर झाली. विजयालक्ष्मीताईंनी चष्मा पुसून आकडेवारी मांडली. तीन सामन्यांत आपल्यावर गोल झाले पंधरा. त्यांपैकी गोलरक्षकाला चुकवून गेलेले, पंधरा.

"शंभर टक्के," त्या म्हणाल्या. "सदतीस वर्षांच्या सर्व्हिसमध्ये इतका स्वच्छ आकडा मी पाहिला नाही."

"ताई, त्याने अडवलेलेही असतील ना काही?" जयदीपने खाली बघत विचारले.

"न झालेल्या गोलची नोंद कुठे आहे?"

नोंद होती. संपदा शाळेत गणित शिकवते आणि तिच्या डायरीच्या शेवटच्या पानावर तिने ती ठेवली होती. आपल्या गोलवर आलेले फटके बावन्न, अडवलेले सदतीस. पण आरोपीच्या बायकोची डायरी पुराव्यात घेत नाहीत, हे जयदीपला ठाऊक होते. त्याने 'नोंद उपलब्ध नाही' असे टाईप केले.

खंडेरावांनी मूलभूत प्रश्न विचारला. "ये एक नंबर उभा कुठे असतो?"

"गोलमध्ये," जयदीप म्हणाला.

"पूर्ण वेळ?"

"हो."

"अच्छा. म्हणजे जागा सोडतच नाही."

भाऊसाहेबांनी चिवड्याची वाटी खाली ठेवली. मुद्दा गंभीर होता. गोल ही संघातली सर्वांत संवेदनशील जागा, आणि संवेदनशील जागेवर एकच माणूस फार काळ ठेवायचा नाही हे शासनाचे धोरण आहे, कारण त्याचे तिथे हितसंबंध तयार होतात. इथे तर एकच माणूस नव्वद नव्वद मिनिटे ठाण मांडून होता. इतर दहा जण इकडून तिकडे सतत बदलीवर असताना यालाच सवलत का, असा प्रश्न समितीने नोंदवला. उपायही तिथेच निघाला. अकरा खेळाडूंनी पाळीपाळीने गोल सांभाळायचा, प्रत्येकी आठ मिनिटे अकरा सेकंद. (विजयालक्ष्मीताईंनी भागाकार दोनदा तपासला.) आणि विद्यमान पदधारकाला तत्काळ पदमुक्त करायचे.

तीन शनिवार असेच गेले. स्पर्धेला दिवाळीची सुट्टी होती, समितीला नव्हती. दर बैठकीत तिघे जण एक नंबरबद्दल जे वाटेल ते बोलत आणि एक नंबर ते शुद्धलेखनाच्या चुका न करता लिहून घेई. त्याला आळशी म्हटले गेले, बेफिकीर म्हटले गेले, आणि एकदा, चकल्या संपल्यावर, विकला गेलेलाही म्हटले गेले. ते वाक्य टाईप करताना जयदीपचे कान गरम झाले. पण बैठकीचे इतिवृत्त हे बैठकीचे असते. सचिवाला काय वाटले, याला त्यात रकाना नसतो.

घरी संपदा भडकली. "सांगून टाक ना यार, की तो मी आहे."

"आता सांगितलं तर तिघांना किती अवघडल्यासारखं होईल."

"आणि तुला? तुला रविवारी गोलमध्ये उभं राहायचंय की नाही?"

"राहायचंय," जयदीप म्हणाला. "खूप."

संपदाने कणीक पुढ्यात ओढली आणि ती नेहमीपेक्षा जास्त वेळ मळली.

अहवालाचा मसुदा अर्थातच जयदीपने केला. एक शब्द इकडचा तिकडे केला असता तरी कोणाला कळले नसते. भाऊसाहेब पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचून सही करतात, हे दिल्लीतल्या मंत्रालयांत सर्वांना माहीत होते. जयदीपने शब्द बदलला नाही. परिच्छेद सातमध्ये त्याने स्वतःला पदमुक्त करण्याची शिफारस नीट, ठळक अक्षरांत लिहिली. पण कोणत्याही अहवालात जे असावेच लागते ते त्याने परिच्छेद आठमध्ये घातले, आणि तो शेवटचा परिच्छेद होता: 'अंतिम निर्णयापूर्वी समितीने स्थळपाहणी करणे उचित होईल.' त्याला एवढेच हवे होते, की जायचेच असेल तर एकदा कोणीतरी बघून घालवावे.

स्थळपाहणीला नाही म्हणणारा अधिकारी अजून जन्मायचा आहे. नोव्हेंबरातल्या त्या रविवारी सकाळी सातला समिती, तिच्यासोबत उत्सुकतेपोटी आलेले सहा सभासद, घडीच्या खुर्च्या आणि दोन थर्मास असे सगळे मैदानावर दाखल झाले. सामना मुनिरकात खोल्या घेऊन राहणाऱ्या मणिपुरी विद्यार्थ्यांच्या संघाशी होता. त्यांचे सरासरी वय एकवीस, आपले साडेसदतीस.

थंडी होती आणि ऊन फक्त एका गोलच्या मागे पडले होते, म्हणून समिती तिथे बसली. समोरच्या टोकाचा गोल धुरक्यात दिसत नव्हता. गोलरक्षकाचा पोशाख संघापेक्षा वेगळा असतो, तेव्हा पुढ्यात उभा असलेला हिरव्या जर्सीतला मनुष्य आपलाच, असे समितीने धरून चालले आणि पाहणी सुरू केली.

पंचेचाळीस मिनिटांत त्या माणसाकडे चेंडू एकदाही आला नाही. मध्येच त्याने खांबाला टेकून एक संत्रे खाल्ले. विजयालक्ष्मीताईंनी त्याची कार्यक्षमता शंभर टक्के काढली. भाऊसाहेबांनी वहीत 'पदधारक निर्धास्त, तणावमुक्त' असे टिपले.

"बिल्कुल ठीक माणूस आहे," खंडेराव म्हणाले. "उगीच बदनाम केलं बिचाऱ्याला."

समिती त्याला निर्दोष सोडण्याच्या बेतात होती, इतक्यात मध्यंतर झाले आणि साळवेने येऊन दोन-शून्य असा स्कोअर सांगितला. माफीही मागितली. दोन गोल झाले कुठे, असे भाऊसाहेबांनी विचारले, तर त्याने धुरक्याकडे बोट दाखवले. मग संघांनी बाजू बदलल्या. हिरवी जर्सी संत्र्याच्या साली गोळा करून निघून गेली आणि धुरक्यातून जाडजूड हातमोजे घातलेला, गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला जयदीप समितीच्या पुढ्यात येऊन उभा राहिला.

"अरे, सेक्रेटरी इकडे कसे?" खंडेराव म्हणाले.

"एक नंबर मीच आहे, भाऊसाहेब," जयदीप म्हणाला.

भाऊसाहेबांनी वही मिटली. तीन शनिवार त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असावेत, चकल्यांसकट.

"मग आजचे मिनिट्स कोण घेतंय?" त्यांनी शेवटी विचारले.

कोणीच घेतले नाहीत. पुढच्या पंचेचाळीस मिनिटांचा लेखी पुरावा नाही, त्यामुळे ती घडली असे म्हणता येणार नाही. तरीही सांगायला हरकत नाही. मणिपुरी पोरांनी चौदा फटके मारले आणि जयदीपने चौदाही अडवले. छातीने अडवले, गुडघ्याने अडवले, एक तर पाठीने, कारण तो तेव्हा साळवेला ओरडत होता. आठव्या फटक्याला खंडेराव खुर्चीवरून उठले ते परत बसले नाहीत. अकराव्याला विजयालक्ष्मीताई "जयदीप, डावीकडे बघ रे" म्हणून किंचाळल्या आणि शेजारच्या सभासदाचा हात घट्ट धरून बसल्या. संपदा पलीकडे एकटीच डायरीत रेघा ओढत होती. तिला लिहिलेले नीट दिसत नव्हते, आणि ते धुरक्यामुळे नव्हते. सामना आपण दोन-शून्य हरलो. हा सलग चौथा पराभव. नऊच्या नऊ माणसे मैदानात धावत गेली आणि जयदीपला इतका आनंद झाला की हातमोजे न काढताच त्याने सर्वांशी हात मिळवले.

"परिच्छेद सात वगळा," भाऊसाहेब त्याला म्हणाले. त्यांचा आवाज जरा बसला होता.

गोष्ट इथे संपली असती तर बरे झाले असते. पण दुपारी ग्रुप जागा झाला. चौथ्या पराभवाची चर्चा सुरू झाली तेव्हा नऊ जणांनी लिहिले की गोलरक्षकाचा काही दोष नाही, आम्ही पाहिले आहे. यावर उरलेल्या दोनशे पाच सभासदांनी अत्यंत योग्य हरकत घेतली. ज्यांनी सामना पाहिला ते साक्षीदार झाले. साक्षीदार निर्णय देऊ शकत नाही. शिवाय त्यांनी गोलरक्षकाशी हात मिळवल्याचा फोटोही उपलब्ध होता. भाऊसाहेबांची समिती त्याच संध्याकाळी बरखास्त झाली, परिच्छेद सात पुन्हा घालण्यात आला आणि त्यावर शिक्कामोर्तब करायला नवी समिती नेमायचे ठरले.

नव्या समितीच्या पात्रतेच्या अटी दोनच आहेत. उमेदवाराने मावळे इलेव्हनचा एकही सामना पाहिलेला नसावा. आणि पराभवाला जबाबदार कोण, याबद्दल त्याचे मत तयार असावे.

मंडळातल्या लोकांवर आता कोणाचा विश्वास नाही, म्हणून सदस्य बाहेरून घ्यायचे आहेत. ही हकिकत इथवर ज्यांनी वाचली ते दोन्ही अटी पूर्ण करतात. त्यांचे गोलरक्षकाबद्दल मत झालेले आहे, साळवेबद्दल झालेले आहे, मंडळाबद्दल तर पहिल्या पानापासूनच झालेले आहे, आणि मैदान कुठल्या सेक्टरला आहे एवढेही त्यांनी विचारलेले नाही. तेव्हा तुमचे नाव घालण्यात आले आहे. जयदीप येत्या रविवारी गोलमध्ये उभा राहील की नाही, हे आता तुम्ही ठरवायचे. मत शनिवार संध्याकाळपर्यंत कळवावे. मैदानावर येण्याची आवश्यकता नाही.