तिसरं कित्याक

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर जवळा निवडला. करी रोडच्या आमच्या चाळीत, गॅलरीत पेपर पसरून. मी कचरा काढायचा आणि हिने माझा कचरा पुन्हा तपासायचा. "चांगला जवळा टाकून देताय तुम्ही," हा हिचा माझ्यावर लग्नापासूनचा संशय.

संशय सगळ्यांवरच होता. नारळ नासका निघाला की ही नारळवाल्याकडे नाही, देवाकडे बघायची.

आणि हत्यार एकच. "कित्याक?" मालवणीत कित्याक म्हणजे का. सगळं आयुष्य मुंबईत काढलं, बाकी बोली बदलली, हा शब्द तेवढा राहिला. कोणालाही तीनदा विचारायची. "पहिल्याला माणूस खोटं बोलतो, दुसऱ्याला चिडतो, तिसऱ्याला खरं सांगतो." मी चौथी शिकलेला, ही तेवढीही नाही, पण हे तिचं शास्त्र कधी चुकलेलं मी बघितलं नाही.

मी बघायला गेलो तेव्हा तिनेच विचारलं, लग्न कित्याक? घरच्यांची इच्छा, मी म्हटलं. कित्याक? वय झालं म्हणून, आणखी काय! कित्याक? म्हटलं, खानावळीचं जेवण घशाखाली उतरत नाही. "हां," म्हणाली आणि चहाचा कप पुढे केला.

मध्यंतरी एकाचा फोन आला, बँकेतून बोलतोय, ओटीपी सांगा. तिसऱ्या कित्याकला त्याने आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आजी, वरून प्रेशर आहे." हिने त्याला दहा शिव्या घातल्या आणि शेवटी विचारलं, जेवलास काय?

तर त्या दुपारी जवळा निवडताना सायली आली. सायली म्हणजे आमची नात, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मुलगा, सून, ही पोरगी आणि आम्ही दोघं, सगळे एका खोलीत.

"आजी, मला टॅबलेट पाहिजे. स्वस्तातला चालेल. पप्पा म्हणाले, आजीला विचार."

"कित्याक?"

"नोट्स काढायला. वर्गात सगळ्यांकडे आहे."

"सगळ्यांची नावं सांग."

चौथ्या नावाला पोरगी अडकली.

मी म्हटलं, "अगं, तो मामाने दिलेला लॅपटॉप आहे ना?"

"तो लागणारच, आबा. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर टॅबलेटवर चालत नाही."

हिने जवळ्यातून मान वर केली. "म्हणजे लॅपटॉप सुटत नाही, वही सुटत नाही, वर हे तिसरं मढं. कित्याक?"

"तुला नाही कळायचं ते!" सायली तणतणत आत गेली.

"दोन झाली," ही मला म्हणाली. मग आत ओरडून, "तिसरं उद्या सकाळी गो!" आणि हळू आवाजात, "सिरियली बघायच्या असतील. नायतर कोणतरी मुलगा असेल. काहीतरी पाणी मुरतंय."

उद्याची सकाळ तिला मिळाली नाही. झोपेतच गेली. मी डॉक्टरला तीनदा विचारलं, कित्याक? तिसऱ्यांदा तो म्हणाला, "काका, खरंच माहीत नाही."

तेरावं झाल्यावर मुलगा म्हणाला, "घेऊन टाकू टॅबलेट. पोरीने आईजवळ शेवटचं तेच मागितलं." मला पटेना. हिचं तिसरं कित्याक बाकी होतं. ते न विचारता वस्तू घरात आणली तर ही मला वरून सोडणार नाही. शिवाय परीक्षा जवळ आलेली, रोज पहाटे उठून अभ्यास करणारी पोरगी उठेना, लॅपटॉप फडताळावर धूळ खात पडलेला. पाणी मुरतंय असं मलाही वाटायला लागलं.

संध्याकाळी तिला गॅलरीत गाठली.

"सायली, टॅबलेट कित्याक?"

ती गजाकडे बघत राहिली. "लॅपटॉपचा पंखा घरघरतो, आबा. पहाटे लावला की आजी कूस बदलायची. तिची झोप मोडते म्हणून. टॅबलेटला आवाज नसतो." मग म्हणाली, "आता नको."



"अगं, ती जागीच असायची," मी म्हटलं. "सुरुवातीला संशयाने. अभ्यास करते की पिक्चर बघते, म्हणून. मग सवय झाली. घरघर सुरू झाली की मला कोपर मारायची, लावला गो पोरीने, म्हणायची. कूस बदलायची आणि पुन्हा झोपायची. एखाद दिवशी तू उठली नाहीस तर तळमळत पडायची."

"मग मला सांगितलं का नाही तिने?"

"तू तिला तीनदा विचारलंस का?"

पोरगी हसली आणि मग रडली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मीच आधी उठलो. लॅपटॉप काढला, धूळ पुसली, वायर खोचली आणि ती दाबते ते बटण दाबलं. घरघर सुरू झाली. सायलीला हलवून उठवलं आणि हिच्या जागेवर जाऊन, भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून पडलो.