पंखा तर चालू होता!

"पाच मिनिटांचं काम हाय!" प्रसेनजित म्हणाला, आणि त्या घरात पुढचे दोन दिवस कोणाला धड वेळेवर जेवायला मिळालं नाही.

तसा प्रसेनजित इंगळे म्हणजे काही असातसा माणूस नाही. चिखलीत त्याचा कॉम्प्युटर क्लास आहे. कोणाचा पासवर्ड हरवू दे, कोणाचा प्रिंटर रुसू दे, लोक त्याच्याकडेच येतात. त्यामुळे भिंतीवरच्या नव्याकोऱ्या पन्नास इंची टीव्हीला बावीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेम जोडणं म्हणजे त्याला हातचा मळ वाटला, यात नवल नाही.

गेम जोडायचा होता समतासाठी. समता त्याची धाकटी बहीण. पुण्याला नर्स होती, आता आयर्लंडच्या एका दवाखान्यात नोकरी लागली होती. निघण्याआधी दोन दिवस घरी आली होती, आणि मग निदान दोन वर्षं तरी दिसणार नव्हती. भावाबहिणीचं एरवी मस्त जमायचं. फक्त एक विषय निघाला की घरात वीज कडाडायची.

विषय असा. बावीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांच्या बाबांनी अकोल्याहून तो गेम आणला होता. एक डब्बा, एक कॅसेट आणि वायरीला लावलेलं काळंकुट्ट पिस्तूल. टीव्हीवर बदकं उडायची, ती पिस्तुलानं टिपायची. तेरा वर्षांच्या प्रसेनजितचा रेकॉर्ड होता एकोणीस स्टेज. गल्लीत कोणी त्याच्या जवळ फिरकत नव्हतं. आणि एका दुपारी अकरा वर्षांची समता विसाव्या स्टेजला पोचली! शेवटचं बदक उडालं, तिनं एक डोळा मिटला, नेम धरला, आणि टीव्ही बंद!

"लाइट गेली," टीव्हीच्या मागून प्रसेनजित म्हणाला.

समतानं फक्त वर बोट दाखवलं. "पंखा तर चालू हाय!"

झालं! त्या दिवसापासून टीव्हीची पिन काढल्याबद्दल प्रसेनजित आरोपी. समतानं ही गोष्ट शाळेत सांगितली, मामाच्या गावाला सांगितली, आणि प्रसेनजितच्या लग्नात स्टेजवर चढून नव्या नवरीला, म्हणजे मयुरीला सांगितली. "वहिनी, सांभाळून राह्यजा. हा माणूस पिन काढते!" प्रसेनजितनं आजवर विद्येची शपथ घेतली, क्लासची घेतली, नव्या मोटारसायकलची घेतली. फक्त "आईची शपथ घे" म्हटलं की त्याला खोकला यायचा.

तेव्हा ठरलं असं, की समतानं जाण्याआधी ती विसावी स्टेज पार करायची आणि हे प्रकरण एकदाचं मिटवायचं. बेबीताईंनी, म्हणजे आईनं, पेटीच्या तळातून गेम काढला. जुन्या लुगड्यात असा गुंडाळलेला, जणू बाळंतविडाच! बेबीताईंना गेममधलं काही कळत नाही, पण पोरांची वस्तू टाकवत नाही.

पहिली अडचण पाचव्याच मिनिटाला आली. गेमला पिवळी आणि पांढरी पिन, आणि टीव्हीला तसली भोकंच नाहीत! प्रसेनजितनं टीव्ही भिंतीवरून उतरवला, पालथा घातला, टॉर्च मारला. कंपनीनं भोकं लपवून ठेवली असतील असा त्याचा संशय होता. शेवटी बाजारातून एक काडेपेटीएवढा डब्बा आणला. या पिना त्यात, त्याची वायर टीव्हीत. चित्र आलं! बदकं मात्र अशी आडवी पसरली होती, जणू पंगतीतून नुकतीच उठलीत.

"मार!" प्रसेनजित ओरडला.

समतानं मारलं. बदक आरामात उडून गेलं. पुन्हा मारलं. पुन्हा गेलं. दहाच्या दहा बदकं सुखरूप घरी पोचली!

"कॅसेटीत फुंक," समता म्हणाली. फुंकली. मयुरीनं फुंकली. शेजारचा तुळशीराम डोकावला होता, त्यानंही फुंकली, आणि तंबाखू खाऊन फुंकली म्हणून मयुरीला कॅसेट पुसावी लागली. मग प्रसेनजितनं पडदे ओढले, ट्यूबलाइट बंद केली. समता टीव्हीच्या इतक्या जवळ गेली, की पिस्तुलाची नळी काचेला टेकली. बदकाच्या पोटात नळी खुपसून चाप ओढला तरी बदक ढिम्म!

"तुले नेम राह्यला नाही," प्रसेनजित म्हणाला.

"मी डोळ्याले दिसत नाही अशा नसेत सुई मारतो रोज! नेम मले शिकवू नको. तूच काहीतरी करून ठेवलं हाय, दादा. तवाबी अन् आताबी!"

मयुरी कोपऱ्यात मोबाइल घेऊन वाचत होती. "अहो, ऐका ना. ह्या पिस्तुलातून काहीच निघत नाही म्हणते. ते उलटं टीव्हीकडं पाहते. जुन्या डब्बा टीव्हीचा उजेड त्याले समजते. नव्या टीव्हीचा नाही समजत."

"कॉम्प्युटर क्लास तू चालवतं का मी?"

"तुम्हीच चालवता. बदक मारून दाखवा मंग."

दोन तास आणि चार वायरी बदलून झाल्यावर प्रसेनजितनं हात टेकले. डब्बा टीव्ही आणायचा. घरचाच जुना टीव्ही आठ वर्षांपूर्वी अमडापूरच्या तानाबाई मावशीला दिला होता. तुळशीरामकडे मालवाहू रिक्षा होतीच, ती मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ-बहीण अमडापुरात हजर. टीव्ही तिथंच लावून तपासावा म्हणून गेम आणि पिस्तूलही सोबत घेतलं होतं.

टीव्ही ठणठणीत होता. पहिल्याच गोळीला बदक पडलं! समता लहान पोरीसारखी ओरडली. ही आता खरंच चालली, हे प्रसेनजितला तेव्हा कळलं.

पण तानाबाईंनी टीव्हीवर हात ठेवला. "न्या म्हणता, अन् मी सात वाजता भिंतीकडं पाहू काय? सिरियलमधी आज हिरोइनीचा नवरा सापडनार हाय!"

"मावशी, एका दिवसाचा सवाल हाय व!"

"नवराबी एकच दिवस सापडते बाबू."

अर्धा तास भांडण झालं. शेवटी तह ठरला तो असा: तानाबाईंचा टीव्ही चिखलीला, आणि चिखलीचा टीव्ही अमडापूरला! प्रसेनजित परत घरी गेला, पन्नास इंची टीव्ही गादीत गुंडाळून घेऊन आला, मावशीच्या घरी मांडून दिला, आणि तो वीस किलोचा डब्बा रिक्षात चढवला. समता मागं डब्ब्याला मिठी मारून बसली. पिस्तूल कुठं दबून तुटायला नको म्हणून तिनं हातातच धरलं होतं.

आता तुम्हीच सांगा, असं दृश्य रस्त्यावर दिसलं तर पोलीस काय करतील?

चिखलीच्या अलीकडे नाकाबंदी होती. पोट सुटलेल्या जमादारांनी रिक्षा अडवली आणि मागं पाहून दोन पावलं मागं सरकले.

"टीव्ही कोनाचा?"

"मावशीचा," प्रसेनजित म्हणाला.

"अन् पिस्तूल कायसाठी?"

"टीव्हीसाठी, साहेब."

"मावशीनं राजीखुशीनं देला?"

"नाही ना! लय भांडली."

जमादारांनी शिट्टी तोंडात घातली. एवढ्यात समतानं पिस्तुलाची वायर वर करून दाखवली. जमादारांच्या तोंडातली शिट्टी खाली पडली. "बदकंवाला गेम?" त्यांनी पिस्तूल हातात घेतलं, एक डोळा मिटला आणि समोरच्या कडुलिंबावर नेम धरला. "आमच्या घरी होता ना बाप्पा! नऊ स्टेज केल्या म्या."

"मी वीस," समता म्हणाली. "केल्याच असत्या. पन यानं पिन काढली."

जमादार प्रसेनजितकडे वळले. अट्टल गुन्हेगाराकडे पाहावं तसं त्यांनी पाहिलं. "सख्ख्या बहिनीची पिन काढली?"

"मी नाही काढली, साहेब!"

"समदे असेच म्हनतात. निघा!"

घरी येईपर्यंत दुपार झाली. पाचच्या गाडीनं समता पुण्याला जायची होती. भिंतीवरचा पॉइंट उंचावर आणि डब्ब्याची वायर आखूड, म्हणून स्वयंपाकघरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढून आणला. समतानं प्रसेनजितला समोर भिंतीला टेकून बसवलं. "दोन्ही हात डोक्यावर ठेव. हाललं तर पाह्य!"

आणि खेळ सुरू झाला. पाच स्टेज. दहा. तुळशीराम दारात उभा राहून पाहू लागला. पंधरा. मयुरीनं चहा आणला, तो कोणी घेतला नाही. एकोणीस पार झाली तेव्हा प्रसेनजितच्या बावीस वर्षांच्या रेकॉर्डशी त्याच्या डोळ्यांदेखत बरोबरी झाली, आणि हात डोक्यावर असल्यामुळे त्याला टाळ्याही वाजवता येईनात. विसावी स्टेज! सात, आठ, नऊ... शेवटचं बदक उडालं. समतानं एक डोळा मिटला.

टीव्ही बंद!

सगळ्यांनी आधी वर पाहिलं. पंखा गरगर फिरत होता. मग सगळ्यांनी प्रसेनजितकडे पाहिलं. त्याचे दोन्ही हात डोक्यावर होते. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्याच्याकडे पुरावा होता!

स्वयंपाकघराच्या दारात बेबीताई उभ्या होत्या. एका हातात एक्स्टेन्शनची पिन, दुसऱ्या हातात मिक्सरची.

"दोनच मिनिटं काढली व माय. तुह्यासाठी शेंगदान्याची चटनी करून राह्यली. तिकडं कोन देईन तुले?"

सगळे आपल्याकडेच पाहताहेत हे बघून बेबीताईंना वाटलं आपलं काहीतरी चुकलं. त्या समजावणीच्या सुरात म्हणाल्या, "मिक्सरले हेच एक भोक लागते. तवाबी टीव्हीची वायर इथूनच ओढली होती, अन् असंच काढलं होतं म्या."

"तवा म्हंजे?" समता पुटपुटली.

"अवं, लहानपनी. तुम्ही भांडून नव्हते का राह्यले?"

"आई! मंग बावीस वर्षं सांगितलं काऊन नाही?"

"मले इचारलं कोनं? तुम्ही एकमेकाइलेच इचारत होते."

समता मटकन खाली बसली. तिनं भावाकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "दादा, माफ कर मले. मी तुह्या लग्नातसुद्धा बोलली रे. आज त्या पोलिसापुढंबी बोलली!"

इथं प्रसेनजितनं मोठ्या मनानं "जाऊ दे" म्हणायचं आणि निर्दोष सुटायचं, एवढंच बाकी होतं. कोणीही तेच केलं असतं. पण पाचला तिची गाडी होती आणि पुढची दोन वर्षं मध्ये होती, आणि प्रसेनजितला एकदम खोकला आला.

समताचे डोळे बारीक झाले. "दादा. त्या दिवशी तू टीव्हीच्या मागं काय करत होता?"

"पिन काढाले गेलतो," प्रसेनजित म्हणाला. हात अजून डोक्यावरच होते. "पिनीले हात लावला, अन् टीव्ही बंद झाला! मले बावीस वर्षं हेच वाटून राह्यलं, की मीच काढली."

मग समता हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता तिनं पिस्तूल उचललं, एक डोळा मिटला आणि भावाच्या छातीवर नेम धरून चाप ओढला.

"झालं का तुमचं?" बेबीताई दारातून म्हणाल्या. "मंग मी मिक्सर लावतो."